सिस्टरच्या शब्दाला वजन कसं येतं: इंदूरच्या हॉस्पिटलांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नव्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारते. रात्री अडीच वाजता डॉक्टरांना फोन लावायची वेळ आली, तर तुमचं पहिलं वाक्य काय असेल? बहुतेक जण म्हणतात, “सॉरी सर, डिस्टर्ब केलं.”

पेशंट धापा टाकतोय आणि आपण झोपमोडीची माफी मागतोय. शिकवायला मला इथूनच सुरुवात करावी लागते.

मी इंदूरची. जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वॉर्डात लागले, मध्ये दोन वर्षं नोकरी सोडून पोस्ट बेसिक (डिप्लोमावाल्यांची बी.एस्सी.) केलं, मग आयसीयू, मग इनचार्ज, आता सुपरवायझर. एकूण २२ वर्षं झाली. एवढ्यात ‘स्टाफ नर्स’चं सरकारी कागदावर ‘नर्सिंग ऑफिसर’ झालं, केस शीट निम्मी कॉम्प्युटरवर गेली, वॉर्डात ‘ब्रदर’, म्हणजे पुरुष नर्स, दिसू लागले, आणि १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण पाटी बदलली म्हणून कोणी आपलं ऐकायला लागत नाही. ‘लीडरशिप’ हा शब्द सेमिनारच्या बॅनरवर असतो. आमच्या मजल्यावर म्हणतात, “तिच्या शब्दाला वजन आहे.” ते वजन कसं कमवायचं, ते क्रमाने लिहिते.

पायरी पहिली: कागद

कंटाळवाणं काम आधी उरकू. परीक्षा पास झाल्याने माणूस नर्स होत नाही, राज्याच्या काउन्सिलच्या रजिस्टरला नाव चढल्यावर होतो. आपल्याकडे ते भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिलमध्ये. जळगाव-भुसावळकडून, नागपूरहून शिकून इंदूरला नोकरीला येणाऱ्या मुली पुष्कळ असतात. त्यांनी लक्षात ठेवावं, की महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी इथे आपोआप चालत नाही. तिकडून ना-हरकत घेऊन इथे नाव नोंदवावं लागतं, आणि हे रुजू व्हायच्या आधी सुरू करायचं, कारण नंतर सुटी मिळत नाही. देशपातळीवरच्या नर्सेसच्या रजिस्टरमधला एन.यू.आय.डी. नंबरही काढून ठेवा.

आता खास आपल्या लोकांची अडचण. मराठी नावात मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं. इथल्या बाबूंना हे मधलं नाव कुठल्या रकान्यात घालायचं तेच उमजत नाही. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि काउन्सिलच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नावच आडनाव म्हणून छापलेलं, असे एकाच मुलीचे तीन अवतार मी पाहिलेत. सरकारी भरतीच्या कागद-तपासणीत हीच मुलगी शपथपत्रं करत जिल्हा कोर्टाच्या फेऱ्या मारते. सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग ठेवा. मी लग्नानंतर नाव बदललंच नाही. सासूबाई वर्षभर धुसफुसल्या, मग विसरल्या.

एक फाइल करा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, नोंदणी, बी.एल.एस.चं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं कार्ड (ते दोनच वर्षं चालतं), आणि प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला. दाखल्यात हॉस्पिटल किती बेडचं आहे ते लिहून घ्या. पुढे एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बसायचं ठरलं, तर जी.एन.एम.वाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा जुन्या हॉस्पिटलच्या एच.आर.समोर जाऊन उभं राहणं फार जिवावर येतं. सी.एन.ई.ची, म्हणजे नोकरीत राहून केलेल्या शिक्षणाची सर्टिफिकेटंही याच फाइलीत. पाच वर्षांत १५० तास हा भारतीय परिचर्या परिषदेचा हिशेब आहे. वर्षाला ३० तास म्हणजे महिन्याला अडीच. चहा-समोशासाठी का होईना, पण जात जा.

घरात धाकटं कोणी नर्सिंगला जाणार असेल तर कॉलेजची मान्यता स्वतः तपासा, ओळखीच्या काकांच्या भरवशावर राहू नका. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआयने कॉलेजं तपासली, परीक्षा लांबल्या, आणि ज्यांचा काही दोष नव्हता अशा मुलांची वर्षं अडकून पडली.

पायरी दुसरी: पहिले तीन महिने

या काळात हुशारी दाखवायला जाऊ नका. वस्तू पाठ करा. क्रॅश कार्टच्या, म्हणजे आणीबाणीच्या सामानाच्या गाडीच्या, कुठल्या खणात अ‍ॅड्रेनलिन, कुठल्यात अ‍ॅट्रोपिन, अँबू बॅगला (हाताने श्वास द्यायच्या पिशवीला) मास्क कुठल्या मापाचा लावलाय, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या साधनाचा) दिवा लागतो का. ड्यूटीला आल्यावर रोज एकदा स्वतःच्या हाताने बघा, नुसती यादीवर सही करू नका. सेल संपलेला लॅरिंगोस्कोप यादीत नेहमी ‘ओके’ असतो.

वॉर्डातल्या मावशींशी आणि वॉर्ड बॉयशी नीट बोला. त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारणारी सिस्टर मला पहिल्याच दिवशी कळते. पेशंटने सकाळपासून लघवी केलेली नाही, जेवणाचं ताट तसंच परत गेलंय, नातेवाईक बाहेरचं औषध खाऊ घालतायत, हे सगळ्यात आधी मावशींना माहीत असतं. त्या तुम्हाला सांगतात की नाही, ते तुम्ही त्यांच्याशी कशा वागता त्यावर ठरतं.

आणि हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं. तो काउंटरवर उभं राहून, एक डोळा घड्याळाकडे ठेवून करायचा नसतो. दोघींनी बेडजवळ जायचं.

गेल्या महिन्यात मी एका नव्या मुलीचा हँडओव्हर ऐकत उभी होते. ती म्हणाली, “बेड ७, ड्रेन १५० आहे.” (ड्रेन म्हणजे ऑपरेशनच्या जागेतलं पाणी नळीने पिशवीत जमतं ते, मिलीत.) घेणारीने लिहून घेतलं, १५०. मी विचारलं, कधीपासूनचे १५०? सकाळी पिशवी रिकामी केली होती का? दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. पिशवीवर काहीच खूण नव्हती. चोवीस तासांत १५० आणि दोन तासांत १५० यात जमीन-अस्मानाचं अंतर. पहिलं लिहून सोडून देता येतं, दुसऱ्यासाठी सर्जनला उठवावं लागतं. त्या दिवशी मी तिला मार्कर दिला. ड्यूटी संपताना पिशवीवर पातळीपाशी एक आडवी रेघ, शेजारी वेळ, शेजारी आद्याक्षरं. आता ती रेघ मारल्याशिवाय वॉर्ड सोडत नाही, आणि तिच्यानंतर आलेल्यांनाही तीच शिकवते. तिला कोणी लीडर म्हटलेलं नाही. पण त्या वॉर्डात ड्रेनच्या आकड्याबद्दल शंका आली, की आता तिलाच विचारतात.

बेडजवळ उभं राहिलं की तीन गोष्टी हाताने तपासायच्या: सॅलाइनवर लावलेलं लेबल आणि पंपावरचा वेग, कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा, आणि पेशंटच्या हातातला पट्टा. पेशंट जागा असेल तर त्याच्यासमोर बोला. “आजी, आता रात्री या सिस्टर आहेत” एवढं म्हटलं तरी अर्धी रात्र सोपी जाते.

पायरी तिसरी: अडीच वाजताचा फोन

यावर जरा थांबते, कारण नव्यांची खरी गाडी इथेच अडते.

इंदूरचा पेशंट म्हणतो, “सिस्टर, जीव घबरा रिया है.” आपल्या आजी म्हणतात, “कसंतरीच होतंय गं.” या एका वाक्यात हार्ट अटॅक असू शकतो, साखर उतरलेली असू शकते, फुफ्फुसात पाणी असू शकतं, आणि नुसती सुनेची आठवणही. तुमचं काम आहे त्या वाक्याचे आकडे करणं. फोन उचलण्याआधी बेडवर जा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, अंदाजाने २० लिहू नका. (सगळ्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला २० असलेला चार्ट मी अजून पाहते. सगळं गाव एका लयीत कसं काय श्वास घेतं देव जाणे.) ऑक्सिजन, नाडी, बीपी, ताप, शुद्ध. गरज वाटली तर साखर.

आमच्याकडे यासाठी न्यूज-२ नावाची गुणपद्धत वापरतात. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. प्रत्येक निरीक्षणाला शून्य ते तीन गुण, ऑक्सिजन लावला असेल तर वरून दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं, सात किंवा वर गेली की आणीबाणी. तुमच्या हॉस्पिटलात ही पद्धत नसेल तरी तक्ता पाठ करा, विचार करायला बरा पडतो.

उदाहरण घेऊ. पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, ५८ वर्षांचे गृहस्थ. श्वास २४, दोन गुण. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३, दोन. वरचं बीपी १०४, एक. नाडी ११२, दोन. ताप १०१, एक. शुद्धीवर आहेत, शून्य. बेरीज आठ. यातला एकही आकडा एकटा बघितला तर भीती वाटत नाही, म्हणूनच रात्रपाळीत तो सुटतो.

आता फोन. बोलण्याचा क्रम चार टप्प्यांचा आहे, त्याला एसबार म्हणतात: आत्ता काय झालंय, पेशंट कोण, मला काय दिसतंय, मला काय हवंय. मी मराठीत लिहितेय, प्रत्यक्षात आपण हिंदीतच बोलतो.

“सर, चौथ्या मजल्यावरून सिस्टर बोलतेय, बेड १२ बद्दल. पेशंटचा श्वास वाढलाय आणि सॅच्युरेशन ९३ वर आलंय. काल आपण त्यांचं पित्ताशय काढलं, मधुमेह आहे, संध्याकाळी सहाला सगळं ठीक होतं. आता श्वास २४, नाडी ११२, बीपी १०४, ताप १०१, स्कोअर आठ. पोट कडक लागतंय. मला वाटतं हा इन्फेक्शनचा किंवा गळतीचा प्रकार असावा. आपण येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन सुरू करू का, आणि ब्लड कल्चर घेऊन ठेवू का?”

ही चाळीस सेकंदं. पुन्हा मोठ्याने वाचा, आरशासमोर वाचा, घरी नवऱ्याला डॉक्टर करून वाचा. ‘मला वाटतं’ आणि ‘आपण यावं’ हे शब्द नव्या मुलींच्या तोंडातून निघत नाहीत. कॉलेजात आपल्याला ‘येस सर’ शिकवलेलं असतं. पण समोरचा माणूस झोपेतून उठलाय, त्याला पेशंट दिसत नाहीये, तुमचे डोळे हेच त्याचे डोळे. निदान चुकलं तर तो दुरुस्त करेल. न सांगितलेलं मात्र त्याला दुरुस्त करता येत नाही.

तो म्हणाला, “सकाळी बघू.” मग? एकदा शांतपणे पुन्हा म्हणा, “सर, स्कोअर आठ आहे, मला काळजी वाटतेय, आपण आत्ता यावं.” तरी नाही, तर ड्यूटीवरच्या आरएमओला (निवासी डॉक्टरला) बेडजवळ बोलवा आणि सुपरवायझरला कळवा. ही चुगली नाही, हॉस्पिटलांत वर कळवण्याची साखळी यासाठीच असते. फोनची वेळ, काय सांगितलं, काय उत्तर आलं, सगळं नोंदीत. तोंडी ऑर्डर मिळाली की लिहून परत वाचून दाखवा: “सर, पॅरासिटामॉल एक ग्रॅम आयव्ही, बरोबर?” आणि सकाळी त्यांची सही घ्या.

मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा ओरडा खाल्ला होता. दुसऱ्यांदा केला तेव्हाही. तिसऱ्यांदा त्याच सर्जनने विचारलं, “तुला काय वाटतं?” मधे दीड वर्ष गेलं होतं.

पायरी चौथी: चूक सांगणं

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मेडिकल वॉर्ड, सकाळचा नाश्त्याआधीचा इन्सुलिनचा राउंड. ऑर्डर १० युनिटची. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन, लाल टोपीची ४० वाल्यासाठी, नारिंगी टोपीची १०० वाल्यासाठी. आमच्या ट्रेमध्ये सगळं एकत्र पडलेलं असायचं. मी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाव्या रेघेपर्यंत भरलं. बाटली होती १०० ची.

हिशेब करा. लाल सिरिंजच्या १० रेघा म्हणजे पाव मिली. १०० च्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. नाश्ता न झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या बाईंना मी अडीचपट डोस देणार होते. स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि शेजारच्या बेडवरून कोणीतरी पाणी मागितलं. ट्रे खाली ठेवताना बाटली समोर आली आणि लेबल दिसलं.

पेशंटला काही झालं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि कोणाला सांगितलं नाही. त्या काळी तिथे सांगणाऱ्याला मेमो मिळायचा. माझी खरी चूक ती न सांगण्याची होती, हे पुढे महिन्याभराने कळलं, जेव्हा दुसऱ्या पाळीतल्या मैत्रिणीच्या हातून तेच झालं आणि पेशंटची साखर खाली गेली. सुदैवाने लगेच ग्लुकोज दिलं. मी बोलले असते तर ट्रे आधीच वेगळे झाले असते.

नंतर आम्ही दोघींनी मिळून दोन ट्रे केले. एकावर लाल टेप, एकावर नारिंगी. एका रंगाच्या ट्रेमध्ये त्याच ताकदीची बाटली आणि त्याच टोपीच्या सिरिंजा. खर्च दोन टेपच्या गुंडाळ्यांचा. इनचार्जने आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्या वॉर्डांनी विचारलं तेव्हा ‘आमच्या वॉर्डाची पद्धत’ म्हणून सांगितलं. असू दे.

आता एन.ए.बी.एच.ची, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता घेणाऱ्या हॉस्पिटलांत घटना-अहवालाचा फॉर्म असतो. थोडक्यात टळलेल्या चुकीचाही भरतात. फॉर्म भरताना ‘कोणी’ आधी लिहू नका. काय, कुठे, कधी, आणि ते घडू शकलं कसं, एवढं लिहा. “सिस्टरचं दुर्लक्ष” असं लिहिलं की फाइल बंद होते आणि ट्रे तसाच राहतो.

पायरी पाचवी: मोजायला लागा

तक्रार करणाऱ्या सिस्टर प्रत्येक वॉर्डात असतात, मोजणाऱ्या फार थोड्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आपण १२ मेला दिवे लावून घेतो. पण क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंपैकी जखमांनी किती आणि टाळता येणाऱ्या आजारांनी किती गेले, याची १८५८ मध्ये रंगीत आकृती काढून त्यांनी लंडनच्या सरकारपुढे ठेवली होती, हे कोणी सांगत नाही. दिव्यापेक्षा मला ती आकृती महत्त्वाची वाटते.

सोपी सुरुवात: कॅन्युला. एक महिना रोज सकाळी तुमच्या बेडवरच्या सगळ्या कॅन्युला बघा. तारीख लिहिलीय का, जागा लाल आहे का, दुखतेय का. यासाठी शून्य ते पाच असा व्हीआयपी स्कोअर आहे. दोनवर गेला की ती कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा निम्म्याहून जास्त कॅन्युलांवर तारीखच नव्हती. हा एका पानाचा तक्ता घेऊन मी मॅट्रनकडे गेले. “सिस्टर्स काळजी घेत नाहीत” असं म्हणाले असते तर भांडण झालं असतं. तक्ता बघून त्यांनी फक्त विचारलं, “मार्कर किती लागतील?”

पायरी सहावी: पुढचं शिक्षण, पुढची वाट

दोन वर्षं बेडजवळ काढल्याशिवाय याचा निर्णय घेऊ नका, हे माझं मत. फार जणी घाबरून बेडपासून पळण्यासाठी एम.एस्सी. करतात आणि मग न केलेलं काम शिकवतात.

जी.एन.एम.वाल्यांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी., दोन वर्षं. घरचं बघून करा, पण करा. पुढची बहुतेक दारं तिथून उघडतात. बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव घेऊन एम.एस्सी., तीही दोन वर्षांची. आयसीयू मनापासून आवडत असेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम बघा. तो वॉर्डातच शिकवतात, म्हणून मला एम.एस्सी.पेक्षा उजवा वाटतो. मात्र त्यानंतर तशा पदाची नोकरी सगळीकडे मिळेलच असं नाही, हे डोक्यात ठेवून जा. वर्षभराचे स्पेशालिटी डिप्लोमेही आहेत, कॅन्सर, ऑपरेशन थिएटर, नवजात बालकं वगैरे.

गावाकडे काम करायची तयारी असेल तर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. आयुष्मान आरोग्य मंदिरावर (सरकारी आरोग्य केंद्रावर) बीपी-शुगरचे पेशंट शोधणं, औषध चालू ठेवणं, वेळेवर पुढे पाठवणं, हे तिथे तुमच्या जबाबदारीवर चालतं. धार-झाबुआकडे गेलेली माझी एक ज्युनियर म्हणते, “ताई, इथे राउंडला डॉक्टर नाही, मीच राउंड.” तिच्याइतकी पटकन मोठी झालेली मुलगी मी शहरात पाहिली नाही.

सरकारी नोकरीसाठी राज्यात कर्मचारी निवड मंडळाची समूह-५ ची परीक्षा आणि देशात एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा. नॉरसेटमधून लागलेल्या नर्सिंग ऑफिसरची सातव्या वेतन आयोगात सातवी पातळी, मूळ पगार ४४,९०० पासून. पदांत ८० टक्के बायका, २० टक्के पुरुष, त्यामुळे ब्रदर लोकांना अभ्यास जास्त लागतो.

परदेशाचं थोडक्यात: अमेरिकेला एनक्लेक्स (नर्सच्या परवान्याची परीक्षा), इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा. एजंट मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेत असेल तर उठून या.

खासगी हॉस्पिटलातल्या पगाराबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीतच नसते. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती, की २०० हून जास्त बेडच्या हॉस्पिटलात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा, आणि ५० बेडपेक्षा लहान ठिकाणीही २०,००० पेक्षा कमी नसावा. शिफारशीला कायद्याचा जोर नाही, त्यामुळे हा आकडा कोणी आपणहून देत नाही. पण मुलाखतीत पगाराचं बोलणं निघालं की तो माहीत असलेला बरा. आवाज न चढवता सांगा. १९०८ पासूनची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया हाच प्रश्न घेऊन कोर्टात गेली होती, तेव्हा सभासद व्हा. एकटीने बोलण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पायरी सातवी: इनचार्ज झाल्यावर

एके दिवशी तुम्हाला चावीचा जुडगा मिळतो आणि कालपर्यंत जिच्याबरोबर डबा खाल्ला ती मैत्रीण जरा लांबून बोलायला लागते. हे होतंच. डबा तिच्याबरोबरच खात राहा, पण रोस्टरची चर्चा जेवताना करू नका.

कामं वाटताना नुसती डोकी मोजू नका. कागदावरचं मानक आयसीयूत एकास एक, वॉर्डात शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक आणि इतरत्र पाचामागे एक. प्रत्यक्षात रात्री काय असतं ते आपण जाणतो. म्हणून कोण काय पेलू शकतं ते बघा. दोन नव्या मुली एकत्र रात्रपाळीला कधी लावू नका. व्हेंटिलेटरचा पेशंट सगळ्यात कामसू मुलीलाच रोज देऊ नका, ती तीन महिन्यांत राजीनामा देईल आणि आळशी तिथेच राहील. नव्या मुलीला अवघड पेशंट द्या, पण तिच्या शेजारच्या बेडवर जुनी असू द्या.

चूक झाली तर पडद्याआड बोला, शाबासकी मात्र काउंटरवर सगळ्यांसमोर. डॉक्टर तुमच्या मुलीवर पेशंटसमोर ओरडले तर त्याच वेळी मधे जा: “सर, मी बघते, आपण बाहेर बोलू.” बाहेर गेल्यावर खरंच बोला. कोणी अंगचटीला येत असेल, मग तो कोणीही असो, तर ‘दुर्लक्ष कर’ असं सांगणारी इनचार्ज होऊ नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, ते पहिल्याच आठवड्यात बघून या.

राहिलं रोस्टर. इंदुरात त्याची खरी परीक्षा गणपतीला नाही, दिवाळीलाही नाही, रंगपंचमीला होते. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते, सगळं शहर रंगात न्हातं आणि आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकीला त्या दिवशी ऑफ हवा असतो. शिवाय त्याच दिवशी डोळ्यात रंग गेलेले, पडून हात मोडलेले इमर्जन्सीला येतात. पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या टाकल्या, तरी दोघी रुसल्या. आता मी रोस्टर पेन्सिलने लिहिते. रंगपंचमीच्या सकाळच्या पाळीत सगळ्यात आधी माझं नाव घालते आणि मग पेन्सिल काउंटरवर ठेवून राउंडला निघून जाते. परत येईपर्यंत उरलेली नावं भरलेली असतात.